आईनं खोडलेलं वाक्य

आमच्याकडे डॉक्टरनं "गुण आला का?" असं विचारलं की "आला" म्हणायचं असतं. हे कुणी शिकवत नाही. कुणाच्या घरी गेल्यावर "जेवण झालं का" विचारलं, तर पोटात काही नसलं तरी माणूस "झालंय की" म्हणतो, तसंच हे. डॉक्टर शिकलेला, औषध त्यानंच दिलेलं, बाकावर आठ-दहा माणसं ऐकत बसलेली. अशा वेळी "नाही आला" म्हणायचं म्हणजे चारचौघांत त्याची अब्रू काढायची. गुण नसला तरी माणूस आहे म्हणतो, त्याच गोळ्या पुन्हा घेतो, आणि फारच झालं तर त्याला कळू न देता दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

माझ्या आईनं आखाडापासून होळीपर्यंत असं नऊ वेळा सांगितलं.

येडगाव धरणाच्या पाण्याच्या कडेला आमचं गाव. दवाखाना बाजाराच्या गावी, रिक्षानं वीस मिनिटांवर. खोली एकच. अलीकडे बाक, पलीकडे टेबल, मधे पडदा, आणि पडदा कायम बाजूला सारलेला. डॉक्टर तीस वर्षांपासून तिथं बसतात. माझा लहानपणचा दमा त्यांनीच आवरला होता. आई त्यांच्यासाठी दर हंगामाला ओल्या शेंगांची पिशवी न्यायची आणि टेबलाखाली ठेवून द्यायची. त्यांना वाईट माणूस ठरवून हे लिहिलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

आईच्या डाव्या गालात आतून, दाढेच्या शेजारी एक चट्टा उठला होता. त्याच जागी ती वर्षानुवर्षं मिश्री धरायची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड आमच्या भागातल्या निम्म्या बायका दात घासायला म्हणून लावतात आणि नंतर दिवसभर तोंडात ठेवतात. आईचे दात काळे होते. ते ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. डॉक्टरांनी मलम दिलं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला विचारलं, गुण आला का. आई म्हणाली, आलाय की. त्यांनी कार्डावर इंग्रजीत लिहिलं, आराम आहे, तेच चालू. ते कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर हीच नोंद नऊ वेळा आहे. चट्टा कुठल्या गालात, केवढा, बोट लावल्यावर टणक लागतो का, याबद्दल एक शब्द नाही.

मी त्या वेळी पुण्यात होते. काय करत होते, ते सांगायलाच हवं. मी पत्रकं लिहीत होते. माझं वाचणंच पत्रकांवर सुरू झालं. वडील एसटीत कंडक्टर होते आणि कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या पलंगाखाली पुस्तकं नसायची, गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे असायचे. "बंधूंनो आणि भगिनींनो" हे मी पहिल्यांदा सलग वाचलेले शब्द. वडील मला म्हणायचे, पत्रकात एक खोटं निघालं की खालच्या सगळ्या खऱ्या मागण्या मरतात, म्हणून लिहिताना ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही. मी मोठी झाले तशी तेच काम करायला लागले. त्या वर्षी रुग्णांच्या हक्कांवर आमची मोहीम चालू होती. डॉक्टरनं रुग्णाला काय सांगायला हवं, कागद कसे मागायचे, दुसरं मत कसं घ्यायचं, हे सगळं मी चार पानांत बसवलं होतं. दिवाळीला घरी येताना एक गठ्ठा घेऊन आले. आईनं एक पत्रक बोट फिरवत वाचलं आणि म्हणाली, "अक्षर मोठं घ्यायचं व्हतं, म्हाताऱ्या मानसांना दिसत न्हाई."

त्याच दिवाळीत ती चकली चहात बुडवून, मऊ करून खात होती. मी हसले. म्हणाले, "काय गं, दात गेले का तुझे?" ती म्हणाली, "तोंड आलंय जरा. दवाखाना चालू हाय." मी तिचं तोंड बघितलं नाही. मीसुद्धा.

होळीला आले तेव्हा तिचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. पोळी दुधात कुस्करून ती चमच्यानं आत सरकवत होती. दाढ काढावी लागेल असं समजून मी तिला मंचरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. रस्त्यावरच्या एका दुकानाच्या वरचा दवाखाना. खाली कांद्याचे ट्रक एकामागून एक हॉर्न देत उभे. डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती.

"मावशी, आ करा."

"एवढंच व्हतंय बघ, बाई."

तिनं दिवा खाली ओढला, हातमोजा चढवला आणि आत बोट घातलं. मग बोट बाहेर काढलं.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"झालं की थोडं दिवस," आई म्हणाली. "आता गुन हाय."

त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. नंतर हातमोजा काढून तिनं पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली. आई बाहेर चपला घालत असताना ती मला हळू आवाजात म्हणाली, "उद्याच जा. पुढचा आठवडा नको."

तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, आणि तो हाडापर्यंत गेला होता. डाव्या बाजूचा खालचा अर्धा जबडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीचं मांस वर ओढून गालाला लावलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितलं की सहा-सात महिने आधी आला असतात तर जबडा बहुतेक वाचला असता. मी म्हणाले, हे लिहून द्या. ते म्हणाले, "मी तुम्हाला माहिती दिली. लिहून कशाला?" आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. डॉक्टरांचं नाव, गाव, नऊ तारखा, सगळं घालून. मला ते बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोर वाटायचं होतं. वडिलांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "कायद्यानं जा," ते म्हणाले. "पत्रक एक दिवस टिकतं. निकाल टिकतो."

म्हणून आम्ही पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. तक्रारदार आई, जाबदेणार डॉक्टर. वकील जुन्नरचे, बोलघेवडे, पण कामाला चोख. काही महिन्यांनी डॉक्टरांचं लेखी म्हणणं आलं. त्यात दोन मुद्दे होते. एक, रुग्णानं मिश्रीचं व्यसन लपवलं. दोन, प्रत्येक भेटीत रुग्णानं स्वतः आराम असल्याचं सांगितलं, त्यामुळे पुढे पाठवायचं कारणच उद्भवलं नाही.

"मिश्रीचं सोडा," वकील म्हणाले. "दातच साक्ष देतील. दुसरा मुद्दा मारायला पाहिजे." त्यांनी आईच्या शपथपत्राचा मसुदा केला. त्यात वाक्य होतं: मी प्रत्येक भेटीत माझा त्रास कमी होत नसल्याचे जाबदेणार यांना स्पष्टपणे सांगितले होते.

मी ते आईला ओटीवर वाचून दाखवलं. ती खाटेवर बसली होती, नाकात नळी. शस्त्रक्रियेनंतर तिचं बोलणं फक्त आम्हाला कळायचं, आणि तेही निम्मं, म्हणून जवळ एक शाळेची वही ठेवलेली असायची. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, पेन घेतलं आणि ते वाक्य सरळ रेघेनं खोडलं.

"आई, एकदा तरी म्हणाली असशील ना, की बरं वाटत नाही?"

तिनं वहीत लिहिलं: नाय.

"एकदाही?"

नाय.

"का पण?"

तिनं जरा विचार केला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं मोठं, गोल अक्षर. एवढ्या लोकात त्याला खाली कशी बघाया लावू.

मला इतका संताप आला की मी ओटीवरून उतरून अंगणात गेले. तिथं वडील शेळीला पाला घालत होते. मी परत आले तेव्हा आईनं त्याच पानावर खाली आणखी लिहिलं होतं. ते मी इथं तसंच उतरवते: मी गुन हाय म्हनले. त्याने इचारले मनून म्हनले. त्याने तोंड उघड कधी म्हनला नाय. बघितले असते तर इचाराया लागले नसते.

मी वकिलांना ते पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"शेवटचं वाक्य सोनं आहे, ताई. डॉक्टरनं तोंडच बघितलं नाही, हे पेशंट स्वतःच्या हातानं सांगते. पण पहिलं वाक्य म्हणजे आपणच समोरच्याच्या हातात कोयता देणं."

"मग?"

"मग पान लावायचं नाही. शपथपत्रात फक्त तोंड न बघितल्याचं लिहू. गुण आहे म्हणाल्या की नाही, यावर गप्प. खोटं काही नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं नाही."

आई त्यालाही मान हलवून नाही म्हणाली. वकील तिच्याशी नेहमी जरा मोठ्यानं बोलायचे, जशी ती बहिरी आहे. "मावशी, तुम्हाला केस जिंकायची का हरायची?" तिनं वहीत लिहिलं, जिकायची. मग पुन्हा पेन टेकवलं: पन मी म्हनले ते म्हनले.

शपथपत्र नव्यानं टाईप होऊन येईपर्यंत तिच्या मानेत पुन्हा गाठ आली. ती वाढली, फुटली. जखमेला वास यायचा. आम्ही दिवसातून चार वेळा पट्टी बदलायचो आणि ती दर वेळी भिंतीकडे तोंड फिरवायची, आम्हाला वास लागू नये म्हणून. शेवटचे पंधरा दिवस तिनं वही मागितली नाही. एका दुपारी वडील कपाळावर ओला फडका ठेवत असताना ती गेली. शपथपत्रावर सही राहून गेली.

आता वारस म्हणून वडील आणि मी तक्रारदार झालो. शपथपत्र मला करायचं होतं. वकिलांनी फोन केला. "ताई, आता सगळं तुमच्या हातात आहे. तुम्ही दवाखान्यात बरोबर नव्हता. आई डॉक्टरला काय म्हणाल्या हे तुम्हाला माहीत नाही, एवढंच लिहा. कुणी खोटं म्हणू शकत नाही. ती वही घरातच राहू द्या."

मी तीन दिवस ती वही घेऊन बसले. माहीत नाही असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. मला माहीत होतं. आणि तोंड न बघितल्याचं सांगणारी माणसं मला तेव्हा दोनच दिसत होती, बाकावरची माणसं डोक्यातच आली नाहीत. एक आई, जी गेली. दुसरे डॉक्टर, जे सांगणार नव्हते. आईचं म्हणणं हवं असेल तर ते त्या पानावरच होतं, आणि पान अर्धं लावता येत नव्हतं. मी पूर्ण पान लावलं. त्या वेळी मला वाटलं, असं प्रामाणिक पान वाचल्यावर कुणाचंही मन वळेल. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची ही चूक असते. खरं छापलं की लोक उठतात, असं त्याला वाटत असतं.

निकाल वकिलांनी आम्हाला त्यांच्या ऑफिसात वाचून दाखवला. तक्रार नामंजूर. कारण दिलं होतं ते असं, की रुग्णानं प्रत्येक भेटीत आराम असल्याचं सांगितलं होतं हे तक्रारदारांनीच दाखल केलेल्या, रुग्णाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या पानावरून सिद्ध होतं. तोंड न तपासल्याबाबत त्या पानाखेरीज दुसरा पुरावा नाही, आणि ते पान शपथेवर नाही.

येताना एसटीत वडील खिडकीशी बसले होते. गावाचा फाटा जवळ आला. तेव्हा ते म्हणाले, "ते वाक्य काढता आलं असतं का?"

"कुठलं?"

"गुण हाय म्हनल्याचं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते. मला त्यांना पत्रकांची आठवण करून द्यावी असं वाटलं, पण मी दिली नाही. सत्तरीचा माणूस, बायकोला नळीनं दूध पाजून तिला निरोप दिलेला. "काढता आलं असतं," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मला आईचा राग यायला लागला. इथं हे लिहिताना लाज वाटते, पण तो होता. तिनं ज्याची अब्रू नऊ महिने सांभाळली त्यानं तिच्या त्याच शब्दांवर स्वतःला सोडवून घेतलं, आणि ती मेल्यावरही मी तिच्याच हुकमात राहिले. रागाबरोबर दुसरंही यायचं. चहातली चकली यायची. तोंड उघड असं तिला मी तरी कुठं म्हणाले होते?

अपील करायची मुदत चालू होती. वकील म्हणाले, "नवीन काही असेल तर आणा. डॉक्टरला हे माहीत होतं, असं काही. लोक उगाच हो म्हणतात हे माहीत असूनही त्यानं तपासलं नाही, असं दाखवता आलं तर वेगळी गोष्ट आहे."

शेजारची काकू आईबरोबर दवाखान्यात जायची. मी तिच्याकडे गेले. ती सुपात हरभरा पाखडत बसली होती.

"काकू, तू आईबरोबर असायचीस ना दवाखान्यात?"

"मंग. तिचं तोंड, माझं गुडघं. एका रिक्षात जायचो, तेवढंच दोघींचं फिरनं." ती हसली. "लई बडबडायची तुझी आय रिक्षात. आत गेली की मुकी."

"डॉक्टर तिला काय विचारायचा?"

"काय इचारनार? गुन आला का. समद्यांना तेच. आन् वर गंमत करायचा. म्हनायचा, तुमच्या गावात आजवर कुनाला गुन आला न्हाई असं मी ऐकलं न्हाई, तुमच्या पान्यातच काय तरी हाय. बाकावरची सगळी हसायची. तुझी आय बी हसायची, गाल धरून."

मी तिचा हात धरला. सूप कलतं झालं.

"काकू, म्हणजे त्याला माहीत होतं, सगळे उगाच आला म्हणतात."

"तीस वर्सं झाली त्याला इथं. त्याला न्हाई तर कुनाला म्हाईत असनार?"

"हे लिहून देशील? जुन्नरला वकिलापुढं. मी घेऊन जाते तुला, मीच आणून सोडते."

तिनं सूप सरळ केलं आणि खाली पडलेले दाणे एक एक करून वेचले.

"न्हाई गं बाई."

"काकू, तुझी मैत्रीण होती ती."

"व्हती की. म्हनून तर सांगितलं तुला. पन कागदावर नगं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माझं गुडघं हाईत अजून. मला त्याच्याकडंच जायचंय."

"त्याच्या औषधानं गुडघे बरे झालेत का?"

"कशाचं बरं. पन मंग जाऊ कुठं? तू रोज पुन्याला नेशील का मला?"

मी नाही म्हणाले. ते खरं होतं.

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि पाखडायला लागली. थोड्या वेळानं तिनं चहा टाकू का विचारलं. मी नको म्हणाले आणि उठले. दारातून ती मागून म्हणाली, "राग धरू नगस."

अपील आम्ही मुदतीत दाखल केलं. पहिला मुद्दा मी स्वतः लिहिला, वकिलांनी फक्त भाषा बसवली. रुग्णानं नऊ वेळा आराम आहे असं सांगितलं, हे आम्हाला मान्य आहे. या भागात डॉक्टरांना असंच सांगितलं जातं, आणि इथं तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते माहीत नसणं शक्य नाही. वकील म्हणाले, "शक्य नाही याला पुरावा काय, असं विचारतील." मी म्हणाले, विचारू द्या. पुरावा नाही. तारीख अजून लागलेली नाही.

काकूचं म्हणणं त्या कागदांत कुठंच नाही. पुढच्या मंगळवारी मी रिक्षाला उभी होते तेव्हा ती हातात शेंगांची पिशवी घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. बाजाराच्या गावी आम्ही दोघी उतरलो. मी एसटी स्टँडकडे वळले, ती दवाखान्याकडे.